आयुष्यभर पुरतील अशी गाणी कशी निवडावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तेव्हा मी नववीत होते. कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देणारं एक दुकान पेठेत होतं. यादी आपण लिहून द्यायची आणि आठ दिवसांनी कॅसेट आणायला जायचं. साठ मिनिटांच्या एका कॅसेटची यादी करायला वडिलांना तीन आठवडे लागले. रोज रात्री जेवणं झाली की तो कागद बाहेर यायचा, एखादं गाणं खोडलं जायचं, दुसऱ्या दिवशी तेच परत लिहिलं जायचं. कॅसेट भरून आली त्या दिवशी त्यांनी तिच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकल्या, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावरूनच मी स्वतःची गाण्यांची वही सुरू केली, आणि पुढे नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांना त्यांची वही करायला मदत करू लागले. ते जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

आवडती गाणी आणि आयुष्यभराची गाणी, यांत फरक काय?

आवड बदलते, आणि ती बदलावीच. गेल्या लग्नसराईत दिवसातून दहा वेळा वाजलेलं गाणं आज आठवत नाही, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. त्या गाण्याने त्याचं काम केलं.

वहीत मात्र असं गाणं हवं, जे हाताशी कुठलंही साधन नसताना सोबत करेल. एसटी घाटात बंद पडली आहे, फोन केव्हाच बंद झालाय, शेजारी ओळखीचं कोणी नाही. अशा वेळी धृपदापासून शेवटच्या कडव्यापर्यंत जे मनात म्हणता येतं, ते गाणं तुमचं. म्हणून माझी एकच अट असते: गाणं पाठ हवं, किंवा पाठ करायची तयारी हवी. सुरात गाता आलं पाहिजे असं मुळीच नाही. पुटपुटता आलं तरी पुरे. माझे एक काका उभ्या आयुष्यात सुरात गायले नाहीत, पण त्यांना अठरा अभंग शब्दाशब्दाने येत होते, आणि दवाखान्यात शेवटच्या महिन्यात ते अभंगच त्यांच्या उपयोगी पडले.

किती गाणी निवडायची?

बीबीसीच्या रेडिओवर १९४२ साली रॉय प्लमली यांनी एक कार्यक्रम सुरू केला, 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'. तो आजही चालू आहे. निर्जन बेटावर एकटं राहायची वेळ आली तर कोणत्या आठ रेकॉर्ड बरोबर न्याल, असं पाहुण्याला विचारतात, आणि शेवटी त्या आठांतली एकच ठेवायची तर कोणती, हेही विचारतात. मुलाखतीसाठी आठ हा आकडा उत्तम आहे. पण आपल्याला बेटावर राहायचं नाही. आपल्या आयुष्यात बारशी आहेत, गणपती आहेत, रात्रीचे लांबचे प्रवास आहेत, मुलांची आजारपणं आहेत. आठांत हे सगळं बसत नाही.

मला कॅसेटचं माप पटतं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. चार मिनिटांचं एक गाणं धरलं तर एका बाजूला सात. दोन्ही बाजू मिळून चौदा, आणि एखादं छोटं असेल तर पंधरा. वडिलांच्या यादीत पंधरा होती. तुम्हीही पंधरापासून सुरुवात करा. चाळिशीच्या पुढे ती आपोआप पंचवीस-तीस होतात. पन्नासच्या वर गेली की माझ्या पाहण्यात लोकांचं पाठ करणं सुटतं आणि वहीची नुसती जंत्री होते.

यादी करायला बसलं की डोकं रिकामं होतं. सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न सगळेच विचारतात. पहिली गोष्ट, फोन उघडून बसू नका. ॲप तुम्हाला गेल्या महिन्यात ऐकलेलंच पुढे करतं आणि तुम्हाला वाटतं हीच माझी आवड. कोरा कागद घ्या, आणि गाणी आठवण्याऐवजी जागा आठवा. कुठल्या घरात होतात, कुठल्या खोलीत, किती वाजले होते, कोण काय करत होतं.

माझ्या मावसबहिणीला मी विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरात काय वाजायचं गं?" ती म्हणाली, काहीच नाही, रेडिओ बाहेरच्या खोलीत होता. मग थोड्या वेळाने तिला आठवलं, की तो बाहेरचा रेडिओ भिंतीपलीकडून ऐकू यायचा. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागलेलं असायचं, आणि गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जायची. गाणं धड ऐकू आलं नाही तरी ती गावांची नावं ऐकायला ती पोळ्या लाटता लाटता थांबायची. त्या गावांच्या मागोमाग तिला एका संध्याकाळी अकरा गाणी आठवली. त्यांतली चार वहीत गेली.

दिवसाच्या प्रहरांवरूनही आठवून बघा. सकाळ म्हटलं की कितीतरी घरांत होनाजी बाळाची 'घनश्याम सुंदरा' येते. 'अमर भूपाळी' या १९५१च्या चित्रपटात वसंत देसाईंच्या संगीतात पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी ती गायली आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शाहिराची रचना रेडिओवाटे घराघरांत पोचली. दुपार, दिवेलागण, रात्री उशिराचा रस्ता, प्रत्येक वेळेचं एखादं गाणं निघतंच. नाही निघालं तर ती जागा रिकामी ठेवा. माझ्या वहीत दुपारचं पान सहा वर्षं रिकामं होतं.

एखादं गाणं टिकेल की नाही, हे आधी कळतं का?

पूर्ण नाही कळत, पण दोन गोष्टी मी बघते.

एक, सहा महिने ते गाणं मुद्दाम ऐकायचं नाही. मग एक दिवस भांडी घासताना किंवा चालायला गेल्यावर ते म्हणून बघायचं. किती उरलंय? धृपद तर सगळ्यांचंच उरतं. दुसरं कडवं उरलं असेल तर गाणं मुरलंय असं समजा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गाण्यात अशी काहीतरी जागा हवी, जी आज तुम्हाला पूर्ण कळलेली नाही. 'गीतरामायणा'तलं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' मी शाळेत असल्यापासून ऐकत होते. संथ, लांब, मोठ्या माणसांचं गाणं, एवढंच तेव्हा वाटायचं. ते वडिलांच्या यादीत होतं म्हणून मलाही पाठ झालं. वडील गेले तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. तेराव्यानंतर धाकटा भाऊ गच्चीत एकटाच बसला होता. त्याच्याजवळ जाऊन काय बोलावं हे सुचेना, आणि तेव्हा ते गाणं मनात सुरू झालं. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की या गाण्यात राम भरताची समजूत काढतोय ती वडिलांच्या मृत्यूवरून, आणि ते वडील रामाचेही आहेत. मोठा भाऊ स्वतःचं रडणं बाजूला ठेवून धाकट्याशी बोलतोय. हे सगळं गाण्यात पहिल्यापासून होतं. मला कळायला सत्तावीस वर्षं गेली. गाणं पाठ नसतं तर त्या गच्चीत ते मला भेटलं नसतं.

शब्द बघायचे की चाल?

दोन्ही, पण पाठ करायचं असेल तर शब्दांना थोडं झुकतं माप द्या.

आपल्या भावगीताचा आकार कसा घडला हे माहीत असलं तर निवडताना मदत होते. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावायची. त्याआधी नाट्यपदाला वेळेचं बंधन नव्हतं. 'वन्स मोअर' घेत घेत एकेक पद रंगायचं आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. रेकॉर्डने गायकाला सांगितलं, तीन मिनिटांत काय ते सांगा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली. ती रेकॉर्ड खूप गाजली, आणि कविता घराघरांत गुणगुणली जाऊ लागली. धृपद, दोन-तीन कडवी, मध्ये छोटा वाद्यमेळ. हा आकार स्मरणाच्या अगदी हाताएवढा आहे. एका बैठकीत शिकता येतो.

म्हणून कोणी विचारलं की जुनीच भावगीतं इतकी का टिकली, तर मी इतर कारणांच्या आधी हे सांगते: ती लोकांना पाठ होण्याच्या मापाची होती.

माझ्या यादीतली सगळी गाणी पंधरा ते पंचवीस या वयातलीच आहेत. हे बरोबर आहे का?

स्वाभाविक आहे. वय वाढल्यावर माणसाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्पष्ट आठवणी पौगंडावस्थेतल्या आणि ऐन तारुण्यातल्या येतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी अनेकदा तपासलं आहे. गाण्यांचंही तेच होतं. त्यामुळे निम्मी वही त्या वयाची असू द्या.

उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र थोडे कष्ट घ्या. दर दहा वर्षांतलं निदान एक गाणं वहीत यावं असा माझा आग्रह असतो, कारण ज्या दशकाचं एकही गाणं नाही ते दशक आठवायला फार जड जातं. माझी मुलं लहान असतानाची सात-आठ वर्षं मला अशीच पुसट आहेत. तेव्हा घरात गाणी होती, पण मी एकही पाठ केलं नाही.

एखादं साधंसुधं, उडतं गाणं फार आवडतं. वहीत लिहायला संकोच वाटतो.

लिहा. वही तुमची आहे. लोकांना दाखवायला निवडलेलं गाणं दुसऱ्या कडव्याच्या पुढे जात नाही.

एकच गाणं अनेकांनी गायलंय. कुठलं घ्यावं?

जे तुम्ही आधी ऐकलं ते. शास्त्र बघून, सूर तपासून निवडलेलं रूप डोक्याला पटतं, पण मनात वाजायला लागतं ते पहिलंच.

याचं चांगलं उदाहरण पुन्हा 'गीतरामायण'च आहे. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांचं एकेक नवं गीत येत गेलं. एकूण ५६. संगीत सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, यांचं, पण त्या मूळ प्रसारणात आवाज अनेकांचे होते. माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे बाबूजींनी स्वतः सगळी गीतं गायली, त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, कार्यक्रम झाले, आणि माझ्या पिढीने ऐकलं ते हेच. माझ्या आजीच्या कानात काही गीतं माणिकबाईंच्या आवाजात होती. ती बाबूजींचं ऐकून म्हणायची, "छान म्हणतात, पण हे ते नाही." तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आता माझ्या मुलीने एखाद्या नव्या गायकाचं रूप लावलं की मला नेमकं तेच वाटतं.

वहीत गाण्याच्या नावापुढे आवाज कोणाचा हे जरूर लिहा. तुमच्यानंतर वही वाचणाऱ्याला तुम्ही कोणता आवाज ऐकत होतात हे कळलं पाहिजे.

फक्त मराठीच हवीत का?

अजिबात नाही. माझ्या वहीत नऊ हिंदी आहेत, एक कोकणी, आणि एक बंगाली, ज्याचा निम्माच अर्थ मला येतो. बडोद्याच्या, इंदूरच्या मराठी घरांतल्या वह्या बघाल तर पाना-दोन पानांत तीन भाषा भेटतात. अट तीच, पाठ हवं.

शब्द नसलेली धून चालेल का?

चालेल. आकाशवाणीची सकाळची ती व्हायोलिनची धून किती जणांनी वहीत लिहिली आहे म्हणून सांगू! त्या धुनेचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. युरोपातून ते १९३४ साली मुंबईत आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीत काम करू लागले. परक्या देशातून आलेल्या माणसाने दिलेली धून आपल्याकडच्या लाखो लोकांच्या शाळेच्या सकाळीशी बांधली गेली आहे. माझ्या दिराला ती ऐकली की अजून चुलीवर तापणाऱ्या पाण्याच्या धुराचा वास येतो.

गाणं पाठ कसं करायचं? आता काही लक्षात राहत नाही.

तुम्हाला 'सुखकर्ता दुःखहर्ता' कोणी बसून शिकवली होती का? बहुतेकांना नाही. वर्षातले ते दहा दिवस, दोन वेळा, टाळ हातात घेऊन, पंधरा माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळत ती अंगात भिनली. सुरुवातीला आपण फक्त 'जय देव जय देव' म्हणायचो, मग शेवटच्या ओळी, मग मधल्या. पाठ करायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

तीच घरी वापरा. एक गाणं, रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, आणि शक्य असेल तर कोणाबरोबर तरी. शब्द हाताने वहीत लिहून काढा, मोबाईलवर उतरवून ठेवू नका. लिहिताना जिथे अडता तीच तुमची कच्ची जागा. शब्द तपासायला 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ फार उपयोगी आहे. तिथे गीतकार, संगीतकार, गायक यांची नावंही मिळतात. कितीतरी वर्षं आपण चुकीचा शब्द म्हणत होतो हे तिथे गेल्यावर कळतं. मी एका गाण्यात तीस वर्षं चुकीचा शब्द म्हणत आले होते. बरोबर शब्द कळल्यावर त्या कडव्याचा अर्थच उलटा झाला, आणि आधीपेक्षा कितीतरी सुंदर झाला.

दुःखाशी जोडलेलं गाणं ठेवावं का?

घाई करून काढू नका. पान दुमडून ठेवा. एक गाणं मी चार वर्षं ऐकू शकले नव्हते. कोणाच्या घरी लागलं तर उठून पाणी प्यायला जायचे. पाचव्या वर्षी रिक्षात लागलं आणि उतरायचं ठिकाण आलं तरी मी रिक्षावाल्या दादांना म्हटलं, हे संपेपर्यंत थांबा. त्यांनी मीटर बंद केला. ते गाणं आता वहीत पुन्हा उलगडलेलं आहे.

ऐकून ऐकून विटलेल्या गाण्याचं काय?

मोबाईलची रिंगटोन किंवा सकाळचा गजर म्हणून लावलेलं गाणं विटणारच. ते कधीच करू नका. विटलंच तर वर्षभर विश्रांती द्या.

आमच्या आजीची गाणी कुठेच रेकॉर्ड झालेली नाहीत. ती यादीत कशी घेऊ?

हा प्रश्न आला की मी बाकीचं सगळं बाजूला ठेवते, कारण इथे वेळ हातातून जातो.

जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी, भोंडल्याची, मंगळागौरीची गाणी. गावागणिक, घरागणिक त्यांचे शब्द बदलतात. तुमच्या आजीच्या ओवीत तिच्या भावाचं नाव असेल, तिच्या गावच्या नदीचं नाव असेल. ती ओवी दुसऱ्या कोणाकडेही मिळणार नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पीठ दळायच्या गिरण्या गावोगाव आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ओवी म्हणायचं निमित्तच उरलं नाही. अशा वेळी या लोकांनी ते काम केलं. त्यांतल्या बऱ्याच ओव्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला, वाचायला मिळतात. एकेक बाई आपलं माहेर, सासर, पाऊस, विठ्ठल, मुलगी म्हणून जन्माला येणं, सगळं दोन-तीन ओळींत सांगते.

माझ्या आजीच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या नाहीत. घरात टेप होता, कोऱ्या कॅसेटी होत्या, आजी समोर बसून तांदूळ निवडत गुणगुणत होती. मला वाटलं, ही काय कायमचीच आहे. आज मला तिच्या चार ओव्या येतात. तिला निदान दोनशे येत असतील. म्हणून ज्यांच्या घरी आजी आहे, मावशी आहे, शेजारी एखाद्या काकू आहेत, त्यांनी या रविवारीच बसावं.

करायचं एवढंच. दुपारची निवांत वेळ निवडा. पंखा आणि फ्रीज बंद करा, कुकर लावलेला नको. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका. सुरुवातीला तिलाच तिचं नाव, माहेरचं गाव आणि आजची तारीख सांगू द्या. "गा" म्हणू नका, ती लाजेल. हातात काहीतरी काम द्या. सूप, वाती, शेंगा, काहीही. हात चालू झाले की गाणं येतं. मध्ये ती थांबून एखादी गोष्ट सांगू लागली तर रेकॉर्डिंग बंद करू नका. आणि नंतर ऐकताना शब्द तिच्याकडूनच लिहून घ्या. तिच्या पश्चात काही शब्द कोणालाच ओळखता येत नाहीत.

गाणी ठेवायची कुठे? फोनवर, ॲपवर, पेनड्राइव्हवर?

माझ्या आयुष्यात मी रेकॉर्ड पाहिली, कॅसेट पाहिली, सीडी पाहिली, एमपीथ्री पाहिली, आणि आता सगळं ॲपवर आहे. यातलं कुठलंच कायमचं ठरलं नाही. मागच्या वर्षी एका ॲपवरच्या माझ्या यादीतली सहा गाणी एका सकाळी राखाडी होऊन बसली. कंपन्यांचे करार संपतात, गाणी निघून जातात. महिन्याचे पैसे भरले तरी ती गाणी आपल्या मालकीची नसतात. म्हणून जी खरी हवीत ती विकत घेऊन स्वतःजवळ ठेवा, आणि दोन वेगवेगळ्या घरांत दोन प्रती ठेवा, एक तुमच्याकडे, एक भावाकडे किंवा मुलीकडे.

घरी जुन्या ७८च्या रेकॉर्ड असतील तर एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: त्या स्पिरिटने पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. त्या उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचल्या तर वजनाने तडकतात. एलपीची सुई त्यांना चालत नाही, त्यांची खाच रुंद असते. कॅसेटी असतील तर वर्षातून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा.

आणि काहीही झालं तरी कागद ठेवा. गाण्याची पहिली ओळ, गीतकार, संगीतकार, गायक, शक्य तर साल, आणि ते वहीत का आलं याच्या दोन ओळी. ॲपवर बहुतेक वेळा गीतकाराचं नाव मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वय वाढल्यावर ऐकू कमी आलं तर?

तरुण आहात तोवर कान जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावं, आणि आवाज वाढवला की ही मुदत झपाट्याने कमी होते. डॉल्बीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे तर काही मिनिटंही जास्त होतात. कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

वयाने कान मंदावतो तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ अशी व्यंजनं पुसट होतात आणि शब्द कळेनासे होतात. इथे पाठ असण्याचा केवढा आधार होतो बघा. माझ्या सासूबाईंना बातम्या समजत नाहीत, पण ओळखीचं पद लागलं की प्रत्येक शब्द 'ऐकू' येतो, कारण कानाने सोडलेला शब्द त्यांचं मन भरून काढतं.

आईला विस्मरणाचा आजार आहे. गाण्यांचा उपयोग होईल का?

औषधोपचाराचं डॉक्टरच सांगतील. मी पाहिलेलं सांगते. इतर बरंच काही हरवल्यावरही तरुणपणी पाठ झालेली गाणी अनेकांना दीर्घकाळ येत राहतात. आवाज हळू ठेवा, एका वेळी एकच गाणं लावा, टीव्ही बंद ठेवा, आणि तुम्हीही बरोबर म्हणा. तिला कोणती गाणी येत होती हे कळायला तिची वही हवी. ती नसेल तर तिच्या बहिणींना, मैत्रिणींना आत्ताच विचारून घ्या.

मुलं परदेशात वाढली आहेत. त्यांना ही गाणी नकोशी वाटतात.

त्यांना ऐकवायला बसू नका. तुम्ही म्हणत राहा, गाडी चालवताना, इडल्या काढताना, नातवंडाला थोपटताना. न्यू जर्सीत राहणारी माझी भाची मराठी गाणी कधी लावत नाही, पण तिच्या बाळाला निजवताना ती आमच्याकडचाच पाळणा म्हणते. तिला तो कोणी शिकवला नव्हता. फोनवर तिने मला फक्त तिसऱ्या ओळीचा शब्द विचारला.

नवरा-बायकोची वही एकच असावी का?

वेगवेगळ्या ठेवा. तीन-चार गाणी दोन्हींत आपोआप येतात.

यादी कधी बदलावी?

मी पाडव्याला बसते. सगळी गाणी एकदा म्हणून बघायची, अडलं तिथे पेन्सिलने खूण करायची. सलग दोन पाडवे अडलेलं गाणं काढून मागच्या पानावर न्यायचं. खोडायचं नाही, कारण त्यातली काही परत येतात. या पाडव्याला दोन मागे गेली आणि एक नवं आलं. ते माझ्या मुलीच्या वहीतलं आहे. अजून तिसरं कडवं पाठ व्हायचंय. वडिलांचा कागद त्याच वहीच्या पुठ्ठ्यात आहे, आणि त्यावरच्या पंधरांपैकी अकरा मला येतात. बाराव्याची पहिली ओळ कागदाच्या घडीत गेली आहे. गायकाचं नाव तेवढं वाचता येतं. त्या आवाजातली गाणी मी एकेक करून ऐकते आहे.